संतापाची खोली आणि घाटघरची वाट

क्रोध हा माणसाचा फार जुना सोबती. घरात, बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर, जेथे जेथे माणूस गेला तेथे तेथे तो बरोबर गेला. परंतु या सोबत्याला घड्याळ लावून आणि पैसे मोजून स्वतंत्र खोली भाड्याने मिळू लागली, ती मात्र आपल्या काळात. इंग्रजी लोक तिला 'रेज रूम' म्हणतात. आपण तिला 'संतापाची खोली' म्हणू. ही खोली म्हणजे काय, तिच्यात शरीराला व्यायाम आणि मनाला विसावा मिळतो असे सांगतात ते कितपत खरे, आणि आपल्या मुलखात या रागाची काय व्यवस्था लावलेली होती, याचा विचार येथे करावयाचा आहे. विचाराला पाय टेकायला एखादे ठिकाण असावे म्हणून आम्ही आपल्या जुन्नर तालुक्यातले घाटघर डोळ्यांपुढे ठेवले आहे. शहरातला माणूस मनाचा ताण उतरविण्यासाठी एक तर त्या खोलीत जातो, नाही तर पावसाळ्यात घाटघरला येतो. दोन्ही ठिकाणी तो काय घेऊन येतो आणि काय ठेवून जातो, हे पाहण्यासारखे आहे.

आधी खोलीच पाहू. भिंती जाड, खिडक्या नाहीत, असल्या तर बंद. आत शिरण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून एका कागदावर सही घेतात. इजा झाल्यास जबाबदारी आपली, असा त्याचा मथितार्थ. मग अंगभर झगा, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, हातांत जाड मोजे. शस्त्रे निवडावयाची: क्रिकेटची किंवा बेसबॉलची बॅट, हातोडा, लोखंडी कांब. शत्रूही निवडावयाचे: रिकाम्या बाटल्या, कपबशा, जुना दूरचित्रवाणी संच, निकामी संगणक, छपाईयंत्र, कपडे धुण्याचे यंत्र. मोठ्याने संगीत सुरू होते आणि पुढची दहा, पंधरा, वीस मिनिटे गिऱ्हाईक समोर दिसेल ते फोडीत सुटते. वेळ संपली की घामाघूम होऊन बाहेर येते. मागे काचेचा खच पडलेला असतो आणि तो झाडण्यासाठी पगारी माणूस केरसुणी घेऊन उभा असतो.

ही कल्पना २००८ च्या सुमारास जपानात आणि अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पुढे आली आणि तेथून जगभर पसरली. आपल्या देशात २०१७ साली गुडगाव येथे आणि होळकरांच्या इंदुरात अशी ठिकाणे निघाली. इंदूरच्या ठिकाणाचे नावच मुळी 'भडास' या शब्दावर बेतलेले होते. पुढे २०२२ साली बंगळुरातही अशी खोली उघडली. मराठी माणसाला 'भडास' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मनात दाटलेले एकदाचे ओकून टाकावे म्हणजे हलके वाटते, ही समजूत आपल्याही घरोघरी आहे.

या समजुतीच्या पोटात एक चित्र आहे. मन म्हणजे जणू बंद झाकणाचे भांडे. राग म्हणजे आतली वाफ. तिला वाट दिली नाही तर भांडे फुटणार. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, कारखान्यांचे बंब धडधडू लागले, आणि माणसाला स्वतःचे मनही बंबासारखे दिसू लागले, यात नवल नाही. व्हिएन्नाच्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोघा वैद्यांनी १८९५ साली उन्मादाच्या विकारावर ग्रंथ लिहिला आणि कोंडलेल्या भावनेचा निचरा झाला की रोग्याला उतार पडतो असे प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी शब्द घेतला तो ॲरिस्टॉटलचा, 'कॅथार्सिस'. पण ॲरिस्टॉटल बोलत होता शोकनाट्याच्या प्रेक्षकाबद्दल, त्याच्या मनातल्या करुणेबद्दल आणि भयाबद्दल. कोणी रागाच्या भरात मडकी फोडावीत असे त्याने कोठे सांगितलेले नाही. आपल्या भरतमुनींनीही रौद्ररसाचा स्थायीभाव क्रोध सांगितला तो रंगभूमीच्या संदर्भात. रंगभूमीवरचा क्रोध पाहून घरी जाणे वेगळे आणि हातात कांब घेणे वेगळे.

वाफेचे हे चित्र खरे की खोटे, हे तपासून पाहता येते, आणि शास्त्रज्ञांनी ते पाहिलेही आहे. १९५९ साली हॉर्नबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. काही माणसांचा त्याने मुद्दाम अपमान करविला. नंतर त्यांतल्या निम्म्यांना दहा मिनिटे खिळे ठोकावयास लावले आणि उरलेल्यांना काहीच काम दिले नाही. त्यानंतर ज्याने अपमान केला त्याच्याविषयी बोलण्याची संधी सर्वांना दिली. वाफेचा सिद्धांत खरा असता तर खिळे ठोकणारे शांत व्हावयास हवे होते. झाले उलटेच. हातोडा चालविणारेच अधिक कडवटपणे बोलले.

याहून मोठा प्रयोग अमेरिकेतील ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. सहाशे विद्यार्थी घेतले, तीनशे मुलगे आणि तीनशे मुली. प्रत्येकाकडून एक निबंध लिहवून घेतला आणि दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याने त्यावर अत्यंत बोचरा शेरा मारला आहे असे दाखविले. मग तीन गट केले. पहिल्या गटाने मुष्टियुद्धाच्या थैलीवर ठोसे मारावयाचे आणि मारताना त्या शेरा मारणाऱ्याचा चेहरा मनात आणावयाचा. दुसऱ्या गटानेही ठोसेच मारावयाचे, पण मनात विचार आणावयाचा तो आपली तब्येत कमावण्याचा. तिसऱ्या गटाने दोन मिनिटे नुसते स्वस्थ बसावयाचे. शेवटी, त्या शेरा मारणाऱ्याला कर्कश आवाज ऐकविण्याची मुभा प्रत्येकाला दिली. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. सर्वांत संतापलेला आणि सर्वांत आक्रमक निघाला तो पहिला गट. तब्येतीचा विचार करीत ठोसे मारणाऱ्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता, परंतु त्यांची आक्रमकता म्हणावी तशी उतरली नव्हती. आणि सर्वांत कमी त्रास कोणी दिला? जे काहीच न करता दोन मिनिटे बसून राहिले त्यांनी.

एका-दोन प्रयोगांवर भिस्त ठेवू नये, हे खरे. म्हणून २०२४ साली बुशमन आणि त्यांच्या सहकारी सोफी क्यारविक यांनी अशा १५४ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. त्यांत मिळून दहा हजारांहून अधिक माणसे होती. या ताळ्यातून निघालेला निष्कर्ष सोप्या भाषेत असा: जे उपाय शरीराची खळबळ उतरवितात, म्हणजे दीर्घ श्वसन, ध्यान, योगासने, अंग एकेक करून सैल सोडणे, ते राग उतरवितात. जे उपाय शरीराची खळबळ वाढवितात त्यांनी एकंदरीत राग उतरत नाही. नुसते धावत सुटण्याने तर तो वाढलेला आढळला. अपवाद एक, आणि तो मोठा गोड अपवाद आहे: चेंडूचे आणि खेळाचे प्रकार. खेळात राग उतरला. या अपवादाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

असे का व्हावे? कारण राग ही वाफ नव्हे, तो जाळ आहे. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. 'तळपायाची आग मस्तकात गेली' असे आपण म्हणतो. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवून दिले की राग, भय आणि वेदना यांत देह एकाच तऱ्हेची तयारी करतो. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन हा स्राव रक्तात उतरतो, हृदय जोराने धडकू लागते, रक्तात साखर वाढते, पचन मंदावते. लढ किंवा पळ, असा हुकूम सर्वांगाला जातो. आता हातोडा घेऊन घाम गाळला तर शरीरात काय होते? हेच. म्हणजे रागाने जी आग पेटविली तिच्यावर आपण सरपण घालतो, आणि आग विझेल अशी आशा करतो.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या श्रोत्यांनी पुढचे आकडे ध्यानात ठेवावेत. हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या बारा हजारांहून अधिक रोग्यांची, बावन्न देशांतून गोळा केलेली, माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. झटक्याच्या आधीच्या तासाभरात तीव्र संताप किंवा मनस्ताप झालेला असला तर धोका दुपटीहून अधिक वाढलेला दिसला. कष्टाचे अंगमेहनतीचे काम झालेले असले तरीही जवळपास तेवढाच. आणि दोन्ही एकदम, म्हणजे संतापलेल्या अवस्थेत जोराची मेहनत, तर धोका तिपटीवर गेला. संतापाच्या खोलीत दुसरे काय करतात? नेमके हेच दोन पदार्थ एका भांड्यात घालतात.

व्यायाम म्हणून तरी ती खोली उपयोगी पडेल काय? घाम येतो, खांदे दुखतात, यात शंका नाही. पण व्यायामाचे फळ सातत्यात आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. सहा महिन्यांतून एकदा वीस मिनिटे बाटल्या फोडणाऱ्याला तालमीत कोणी पहिलवान म्हणणार नाही. उलट तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला पहिली गोष्ट शिकवितो ती डोके थंड ठेवण्याची. कारण आखाड्यात जो भडकला तो चितपट झाला.

मग इतक्या लोकांना तेथून बाहेर पडताना बरे वाटते ते का? बरे वाटते हे खोटे नाही. दमल्यावर अंग सैल पडते. मित्रमंडळी बरोबर असली तर हसणे-खिदळणे होते. आयुष्यभर 'जपून ठेव, फुटेल' असे ऐकलेल्या माणसाला एकदा फोडण्याची परवानगी मिळते, तिचीही एक गंमत आहे. पुष्कळ गिऱ्हाइके रागावलेली नसतातच. वाढदिवस साजरा करावयास येतात. गंमत म्हणून गेले तर आमची हरकत नाही. आमची हरकत औषध म्हणून जाण्याला आहे. कारण बरे वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग आला, फोडले, बरे वाटले, अशी साखळी मनात एकदा पक्की झाली की पुढच्या वेळी राग आल्यावर हात आपोआप काहीतरी फोडावयास शोधतो. त्या वेळी घरी शिरस्त्राण नसते, झगा नसतो. समोर असतात ती बायकामुले. 'वड्याचे तेल वांग्यावर' ही म्हण आपण हसत हसत वापरतो, पण त्या वांग्याला कोणी विचारावे.

येथे कोणी जाणता श्रोता आम्हांला अडवील आणि म्हणेल, आपल्या जुन्या माणसांनी तर भडास काढण्याची सोय धर्मातच करून ठेवली होती. शिमग्याची बोंब काय सांगते? प्रश्न रास्त आहे. होळीपुढे पालथ्या हाताने बोंब मारणे हा आपल्याकडे रीतसर विधी आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हलगीच्या तालावर, हातवारे करकरून, एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. यालाच 'बोरीचा बार' म्हणतात. दोन सवतींच्या भांडणातून तो सुरू झाला अशी आख्यायिका आहे. एरवी वर्षभर पदर सावरून बोलणारी सासुरवाशीण त्या दिवशी भर लोकांत आवाज चढविते आणि तिला कोणी नावे ठेवीत नाही.

पण हा बार आणि ती भाड्याची खोली यांतला भेद नीट पाहावा. बाराला दिवस ठरलेला आहे. राग येईल त्या दिवशी बार भरत नाही. त्याला हद्द ठरलेली आहे. ओढा ओलांडून कोणाला हात लावावयाचा नाही, आणि ती हद्द राखण्यासाठी पोलीसही उभे असतात. त्याला ताल आहे, प्रेक्षक आहेत. शिवी जिला द्यावयाची ती बहुधा अनोळखी, म्हणजे मनातला सल तिच्यावर नसतोच. एका अर्थी तो खेळ आहे, नाटक आहे. रागाचे सोंग आहे, राग नव्हे. आणि त्या ताळ्यात खेळानेच राग उतरलेला आढळला, हे आपण पाहिले. जेथे हद्द ढिली झाली तेथे काय होते तेही आपल्या सीमेवरच पाहावयास मिळते. मध्य प्रदेशातल्या मराठीभाषी पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णे आणि सावरगाव येथील लोक एकमेकांवर गोटे फेकतात. त्या गोटमारीत दर वर्षी माणसे रक्तबंबाळ झाली आहेत, आणि कित्येकांचे प्राणही गेले आहेत. शब्दाचा ओढा आणि दगडाची नदी यांत हे अंतर आहे.

संतापाची खोलीही आपल्याला अगदी नवी नाही. वाल्मीकीने अयोध्येच्या राजवाड्यात एक क्रोधागार सांगितले आहे. मंथरेने कान भरले, कैकेयी त्या खोलीत शिरली, अंगावरचे अलंकार तिने इतस्ततः फेकून दिले आणि भुईवर पडून राहिली. फेकाफेक पुष्कळ झाली. राग उतरला काय? तो अधिक मुरला, आणि त्यातून चौदा वर्षांचा वनवास निघाला. कारण खोलीत शिरताना मंथरेचे बोल तिच्याबरोबर आत शिरले होते. गाय चारा पुन्हा पुन्हा वर आणून चघळते त्याला आपण रवंथ म्हणतो. रागाचाही रवंथ असतो. त्याने मला असे म्हटले, सर्वांसमोर म्हटले, मी तेव्हा असे उत्तर द्यावयास हवे होते, अशी चघळण चालू असते. बुशमनच्या प्रयोगातल्या पहिल्या गटाने केले ते हेच, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या नाशाची जी शिडी सांगितली आहे तिची पहिली पायरीही हीच आहे: एका विषयाचे सतत चिंतन. क्रोध त्या शिडीवर वर येतो, चिंतन तळाशी असते.

दुसरी खोली आळंदीची. लोकांच्या निंदेने विटून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी परंपरा आहे. त्यांनी आत काही फोडले नाही, पण दार लागले होते. बाहेर धाकटी बहीण मुक्ताबाई उभी राहिली आणि तिने समजावणीचे जे अभंग म्हटले ते 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध आहेत. तिने भावाला असे सांगितले नाही की तुझा राग खोटा आहे. तू कोण आहेस याची तिने त्याला आठवण दिली. ज्या रेड्याच्या मुखातून याच ज्ञानदेवांनी वेद बोलविल्याची कथा आहे त्याची समाधी आपल्या तालुक्यात आळ्याला आहे, तेव्हा ही कथा आपल्याला परकी नाही. दोन्ही खोल्यांत माणूस रागावून शिरला. एकीच्या कानाशी मंथरा होती, दुसरीच्या दाराशी मुक्ताबाई. फरक खोलीने पडला नाही, सोबतीने पडला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. राग नेहमीच वाईट नसतो. पुष्कळदा तो अन्यायाची खबर घेऊन येतो. अशा रागाला पत्ता असतो. १८७५ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात सुप्याला कर्जाने गांजलेले शेतकरी उठले. त्यांनी मुख्यतः शोधली ती सावकारांची रोखेपत्रे, आणि ती जाळली. दंगा तो दंगाच, त्याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या रागाला आपले दुखणे कोठे आहे हे ठाऊक होते. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. असंतोषाला विचाराची वाट करून देण्याचा तोही एक मार्ग होता, आणि आज आपण येथे बसलो आहोत ते त्याच वाटेवर. संतापाची खोली काय करते? ती रागाचा पत्ता पुसून टाकते. वरिष्ठ बारा-बारा तास राबवितो, पगार वेळेवर होत नाही, घरात बाईच्या शब्दाला किंमत नाही. याचा जाब विचारावयाचा सोडून माणूस एक कपबशी फोडतो आणि सोमवारी पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसतो. कपबशीने त्याचे काही वाकडे केलेले नव्हते.

आता घाटघरला येऊ. जुन्नरहून पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर, चावंडच्या बाजूने गेले की सह्याद्रीच्या अगदी कड्यालगत हे गाव आहे. बाजूला जीवधन किल्ला, त्याच्या अंगाला वानरलिंगीचा सुळका, आणि पलीकडे नाणेघाट. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भाताची लावणी, माळावर नाचणी आणि वरई. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी येथे मुंबई-पुण्याकडच्या मोटारींची रांग लागते. घाटाच्या तोंडाशी वारा इतका जोराने वर येतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटून वर उडते, आणि ते पाहावयास माणसे येतात. त्यांतले काही मुकाट्याने पाहतात. काही मात्र ही मोकळी जागा म्हणजे बिनभाड्याची संतापाची खोलीच समजतात. आरडाओरडा, मोटारीतले कर्णकर्कश गाणे, आणि बाटली रिकामी झाली की ती दगडावर आपटणे. शहरातल्या खोलीत काच झाडण्यासाठी पगारी माणूस तरी असतो. येथे ती काच गवतात राहते आणि गुराच्या खुरात किंवा गुराख्याच्या तळपायात जाते. मोकळे व्हावयाचे ते कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

परंतु घाटघरच्या वाटेचा दुसराही उपयोग आहे. खाली वैशाखऱ्याहून नाणेघाटाने वर यावे. बेताच्या चालीने दोन-अडीच तास लागतात. सातवाहनांच्या काळापासून माल वाहणारी जनावरे आणि माणसे ज्या वाटेने चढली तीच ही वाट. नुसत्या चढण्याने राग जातो असे आम्ही म्हणणार नाही. मनात भांडण चालू ठेवून तरातरा चढणारा माणूस आपले भांडण तेवढे माथ्यावर नेऊन पोचवितो. पण नेहमीचा चालणारा कसा चढतो ते पाहावे. पाऊल लहान, बोलणे कमी, दम लागला की थांबणे, श्वास सावकाश सोडणे, पुन्हा चालणे. लक्ष पायांखालच्या दगडावर ठेवावेच लागते, म्हणून रवंथाला जागा उरत नाही. वर गुहेत बसावे. भिंतीवर नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद आकड्यांसह कोरलेली आहे. समोर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या, त्यांची नावे वर शिल्लक आहेत आणि प्रतिमांच्या मात्र पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन हजार वर्षांचा हा हिशेब पाहिल्यावर सकाळच्या शेऱ्याचे वजन थोडे कमी होते. घाटघरला माणसे रागावत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी बाई दमते, चिडते, भांडतेही. डोंगरातले जिणे हे काही औषध नव्हे. फक्त तेथे फोडण्यासाठी म्हणून कपबशी विकत घ्यावी, ही कल्पना कोणाला सुचलेली नाही, कारण प्रत्येक वस्तू पाठीवरून किंवा डोक्यावरून आणल्याची आठवण अजून ताजी आहे.

आता त्या गोड अपवादाकडे, खेळाकडे. लगोरी आपण सर्वजण खेळलो आहोत. कोठे तिला लिंगोरचा म्हणतात. सात चपट्या दगडांची उतरंड रचावयाची. चेंडूने नेम धरून ती फोडावयाची. फोडण्याचा आनंद मनमुराद. पण लगोरी फोडल्याने डाव जिंकत नाही. प्रतिपक्षाचा चेंडू चुकवीत चुकवीत ती पुन्हा रचावी लागते, तेव्हा डाव. संतापाच्या खोलीत नेमका हा दुसरा अर्धा भाग नाही. तेथे फोडणारा एक, झाडणारा दुसरा, आणि रचणारा कोणीच नाही. मुलांनी आपापसांत शोधलेल्या या खेळात रागाची जी जाण आहे ती त्या भाड्याच्या खोलीत नाही.

मग राग आल्यावर करावे काय? उपाय साधे आहेत, आणि साधे असल्यामुळेच आपण ते करीत नाही. राग आला त्या क्षणी जागा सोडावी, पण दार आपटून नव्हे. बसावे. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा, दहा वेळा. दोन मिनिटांचा हिशेब आपण प्रयोगात पाहिलाच आहे. रवंथ सुरू झाला असे दिसले की हाताला असे काम द्यावे ज्यात नजर लागते: धान्य निवडणे, रोपाला पाणी घालणे, मुलांबरोबर चेंडू खेळणे. रोजचा व्यायाम रोज करावा, रागाची वाट पाहून नव्हे. पोट रिकामे आणि झोप अपुरी असताना वाद मिटवावयास बसू नये. आणि राग उतरला म्हणजे विषय संपला असे समजू नये. शांत झाल्यावर ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याशीच बोलावे. कचेरीचा प्रश्न कचेरीत, घरचा घरात. ज्याचा हात वारंवार उठतो, त्याने लाज न बाळगता वैद्यकीय मदत घ्यावी. सरकारने २०२२ साली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याबद्दल विनामूल्य सल्ला मिळतो. आणि ज्या बाईवर तो हात उठतो तिने तो संताप उतरण्याची वाट पाहत बसू नये. तिच्यासाठी १८१ हा क्रमांक आहे.

राग ज्याला येतो त्याच्याविषयीच आम्ही आतापर्यंत बोललो. शेवटचे दोन शब्द त्याच्या आसपासच्यांसाठी. रागावलेला माणूस बहुधा कोठे तरी ताटी लावून बसलेला असतो. त्याच्या कानाशी लागून 'बरोबर आहे तुझे, सोडू नकोस त्याला' असे म्हणणारे पुष्कळ मिळतात; मंथरेला कधी वाण पडलेली नाही. दाराबाहेर उभे राहून, न घाबरता आणि न चिडविता, चार शब्द नीट बोलणारे थोडे असतात. तेवढे काम आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या घरात, आपल्या आळीत करता येईल, आणि त्यासाठी तासाचे भाडे लागत नाही.